टाळीचं उत्तर

घरच्या हॉलमध्ये सिनेमासाठी स्पीकर घ्यायचे असतील, तर दुपारी जेवणं उरकून घर निजलेलं असताना हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवावी. कुणी झोपेतून खेकसलं तर खेकसू दे. टाळीमागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज आला, म्हणजे उघड्या भिंतींत आवाज आपटत राहिला, तर स्पीकरच्या दुकानात जायच्या आधी जाड पडदे आणि एक भलीमोठी सतरंजी आणावी. पैसे तिथेच जास्त वसूल होतात.

गोव्यातल्या जुन्या घराचा हॉल आवाजाला धरून ठेवत नाही. खाली गुळगुळीत फरशी, वर मंगलोरी कौलं, एक बाजू वसरीकडे सताड उघडी. चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) रंग द्यायला सामान बाहेर गेलं की पोरं रिकाम्या हॉलमध्ये 'ऊऽऽ' करत सुटतात. सोफा, गाद्या, आजीची आरामखुर्ची परत आत आली की मजा संपते. हॉलचा आवाज म्हणजे निम्मं सामानच.

दुकानात ऐकवतात ती खोली लहान, गालिच्याची, दार लावलेली. तिथला दणका घरी येत नाही. 7 मीटर लांब, 5 मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच हॉलमध्ये सव्वाशे घनमीटरच्या आसपास हवा असते. 8 इंची सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा (बासचा) स्पीकर, तिथे नुसता धापा टाकतो. 12 इंची घ्यावा, नाहीतर 10 इंची दोन घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत, म्हणजे एका खुर्चीत धडधड आणि शेजारच्या खुर्चीत शुकशुकाट असं होत नाही. एकच असेल तर तो काही वेळ सोफ्यावर आपल्या जागी ठेवावा, गाणं लावावं आणि भिंतीकडेने रांगत फिरावं. बास जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो, ती त्याची जागा. पाहुणे नसताना करावं हे.

वॉटच्या आकड्याला भुलू नये. 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच ताकदीला किती जोरात वाजतो त्या मापाच्या) स्पीकरऐवजी 90 चा घेतला, तर तेवढ्याच आवाजाला अँप्लिफायरची निम्मी ताकद पुरते. बाजूच्या भिंतींवर आवाज आपटून 'सराउंड' (चोहोबाजूंनी आवाज) देणारा साउंडबार, म्हणजे टीव्हीखालचा लांब स्पीकर, अशा हॉलमध्ये फसतो, कारण एका बाजूला भिंतच नाही. छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचंही तेच. त्यांना सपाट छत लागतं, उतरत्या कौलांवरून आवाज भलतीकडेच जातो.

खरा जीव सेंटर स्पीकरमध्ये, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमध्ये. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात, आणि लोक नेमकी त्याच्यावरच काटकसर करतात. सगळ्यांच्या हॉलमध्ये आतून बांगडे तळल्याचा चर्र आवाज येत असतो, वर पंखा घरघरत असतो, कुणीतरी फोनवर असतं. मग शब्द कळेना म्हणून रिमोट वर, आणि पुढच्या मारामारीला आजी दचकून जागी! सोफ्याच्या टोकांना बसणारी माणसं असतील, तर ट्वीटरच्या (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड आवाजाचा) असलेला आडवा सेंटर टाळावा. बाजूला बसलं की त्यात शब्द पुसट होतात. ट्वीटरच्या बरोबर खाली छोटा मिडरेंज (मधल्या आवाजाचा) असेल तो घ्यावा. शोकेसच्या खणात आत ढकलून ठेवू नये. अगदी कडेवर आणावा, पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा सरकवून तोंड कानांकडे वळवावं, आणि सेटिंगमध्ये 2 ते 3 डेसिबल वाढवावा. रात्री 'नाइट मोड', म्हणजे मोठे आवाज दबतात. एवढ्यावर घरातली निम्मी भांडणं मिटतात.

वायर 10 मीटरपर्यंत 16 गेज, त्यापुढे 14 (आकडा लहान, तार जाड). खाऱ्या हवेत उघड्या तांब्याची टोकं हिरवी पडतात, म्हणून कल्हई केलेली वायर बरी. स्पीकरच्या कोनच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) कडेला फोमऐवजी रबर हवं. दमट हवेत फोमचा भुगा होतो. पेटी जमिनीवरून दोन बोटं उंच ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून फुगते. विजा कडाडायला लागायच्या आधीच प्लग काढायचा, इथे आळस नको.

सबवूफरच्या पेटीला जे गोल भोक असतं, ते आपल्याला नवं नाही. घुमट या मातीच्या वाद्याची मोठी बाजू कातड्याने मढवलेली, लहान तोंड उघडं, आणि वाजवणारा डाव्या तळव्याने ते झाकत-उघडत आवाज जाड-पातळ करतो. पेटीच्या भोकावर मात्र कुणाचा तळवा नसतो, म्हणून तिथे कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बास अचानक बसल्यासारखा वाटला, की मेकॅनिकला बोलवायच्या आधी आत टॉर्च मारून बघावं. नायलॉनच्या जाळीचा एक तुकडा लावला की काम भागतं.

चवथीत तसंही सगळ्यावर चादर पडते. आरतीला घुमट, शमेळ (गोव्यातला ढोल), झांजा एकदम सुरू झाल्या की सतरंजी-पडद्यांचं कुणी विचारत नाही. आणि माटोळी (गणपतीवरची फळापानांची टांगती आरास) बांधायला स्टूल सापडलं नाही, म्हणून सबवूफरवर पाय देऊन चढणारा एक काका प्रत्येक घरात असतोच.