'नेपिओस' आणि माझा अपाक शेरा

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि सावंतवाडीकडच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर माझे नाव लागले ते 'अ. पा. क.' या अक्षरांसह, पुढे आईचे नाव. म्हापशाच्या घरी मामांनी त्याचा अर्थ 'अज्ञान पालन कर्ता' असा सांगितला, तेव्हा एकोणतीसचा पाढा बिनचूक म्हणणाऱ्या मला सरकारने अज्ञान ठरवावे याचा भारी राग आला. आजोबांच्या पोर्तुगीज दस्तऐवजांत अशा वारसाला 'मेनोर', म्हणजे नुसते लहान, म्हटलेले होते. ते मला अधिक सभ्य वाटले.

'नेपिओस' या प्राचीन ग्रीक शब्दाचे अर्थ पाहताना तो राग आठवला, कारण तान्हे मूल आणि अजाण माणूस या दोघांनाही तो एकच शब्द चालतो. 'न बोलणारा' अशी त्याची जुनी व्युत्पत्ती देतात, आणि लॅटिन 'इन्फान्स'चा अर्थ खरोखरच तसा असला तरी ग्रीक शब्दाबाबत भाषाशास्त्रज्ञ ती शंकास्पद मानतात. होमरच्या काव्यात हा शब्द बायकांसोबत येणाऱ्या लहानग्यांना लागतो, आणि सूर्यदेवाची गुरे मारून खाणाऱ्या ओडिसियसच्या सोबत्यांनाही. लढाईला जाण्यासाठी मित्र अकिलीसचे चिलखत मागणाऱ्या पात्रोक्लसलाही कवी नेपिओस म्हणतो, कारण आपण स्वतःचे मरण मागत आहोत हे त्याला दिसत नाही. येथे 'मूर्ख' हे भाषांतर मला कोते वाटते. पुढचे न दिसणे, हा त्यातला खरा भाव. आमच्या कोकणीतले 'भुरगेंपण' त्यामानाने फारच लाडके. संस्कृत मात्र ग्रीकच्या जवळ जाते: 'अज्ञो भवति वै बालः' असे मनुस्मृतीच सांगते.

संत पॉल गलतीकरांना लिहिलेल्या, बायबलातल्या पत्रात हाच शब्द थेट वारसाहक्कात नेतो. वारस नेपिओस आहे तोवर सर्वाचा धनी असूनही दासाहून वेगळा नसतो, आणि बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत पालक व कारभारी यांच्या हाताखाली राहतो, असे तो म्हणतो. ते वाचताना मला माझाच उतारा दिसला: जमीन माझी, सही आईची.

अठरा पूर्ण झाल्यावर मी वयाचा दाखला घेऊन सावंतवाडीला गेलो. तलाठ्याने अर्ज घेतला, आणि पुढे रीतसर फेरफार होऊन अपाक शेरा कमी झाला. नव्या उताऱ्यावर माझे नाव एकटेच होते. आईने तो दोनदा वाचला आणि घडी घालून कपाटात ठेवला.