तुम्ही विचारलंत म्हणून: रोज मासे खाऊनही रक्त कमी कसं?

"बाई, आमी रोज मासे खातंव, तरी चेडवाचां (मुलीचं) रगात कमी कसां?"

सिंधुदुर्गात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. निवृत्त झाले, तरी एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारतंच. गेल्या महिन्यात एक आई रिपोर्टचा कागद घेऊन घरी आली. मुलगी १७ वर्षांची, हिमोग्लोबिन ८.६. या वयाच्या मुलीचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात.

मी विचारलं, काल जेवणात काय होतं?

"बांगड्याचां तिखलां."

बांगडे किती? चार. जेवणारी माणसं? सात. मग तिला एकेक ताट आठवायला लावलं. सासऱ्यांना मधल्या दोन तुकड्या, नवऱ्याला दोन, दिराला दोन, धाकट्या मुलाला काटे काढून एक, सासूबाईंना एक. शेवटी चुलीजवळ मायलेकी बसल्या तेव्हा टोपात डोकी, शेपट्या आणि रस. "आमका रसच आवडता," ती म्हणाली. माझी आईही जन्मभर हेच म्हणत आली. तिला खरोखर काय आवडायचं, हे आम्ही भावंडांनी कधी विचारलं नाही.

रसात तिरफळाचा वास उतरतो, आंबट-तिखट उतरतं. रक्त बनायला लागणारं लोह मात्र बहुतेक मांसातच राहतं. घरात मासळी रोज येते हे खरंच, पण ती कोणाच्या ताटात जाते ते बघायला हवं.

त्यातही माशामाशात फरक आहे. १०० ग्रॅम बांगड्यात लोह साधारण दीड मिलिग्रॅम, आणि बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं आपल्याकडची आहाराची कोष्टकं सांगतात. मग बांगडा कशाला खायचा? एक तर त्याच्यातलं लोह अंगी चांगलं लागतं. दुसरं म्हणजे माशाचं मांस सोबत असलं की त्याच घासातल्या नाचणीच्या भाकरीतलं, भाजीतलं लोहही शरीर जास्त ओढून घेतं. हा फायदा मधल्या तुकडीचा आहे, रस ओरपून तो मिळत नाही.

लोहाची खरी श्रीमंती आपल्या खाडीत आहे. ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढतात. नखं फुटतात, पाठ धरते. त्यातल्या मोठ्या तिसऱ्या बाजारात जातात आणि घरी सुरमईचं कौतुक चालतं. सुरमईच्या तुकडीपेक्षा तिसऱ्यांत, कालवांत कितीतरी पट जास्त लोह असतं, आणि रक्ताला, नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व तर भरपूरच. मला याचं फार वाईट वाटतं. जी काढते तिच्या वाट्याला वाटीभर तरी राहिल्या पाहिजेत. पेडवे, मोतयाळे अशी बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर हाडांना कॅल्शियम मिळतं, तेही स्वस्तात.

जेवण झाल्याझाल्या चहा घेता का, हेही मी विचारते. चहा लोह अडवतो. तास-दीड तास थांबा, आणि ताटात लिंबाची फोड असू द्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मागोमाग श्रावण येतो. गोलमा (सुका जवळा), सुका बांगडा यांवर दिवस निघतात, पुढे तेही बंद. त्यात मुलीचे सोमवार आणि गुरुवार. साबुदाण्यात लोह नसल्यातच जमा. त्या दिवसांत अंडं चालत असेल तर अंडं द्या, नाहीतर कुळीथ, चवळी, तीळ, आणि दूध-दही रोज.

दूध-दह्यातही बी-१२ असतं. त्याचा आग्रह मी का धरते, ते सांगते. वडील गेल्यावर आईने माळ घातली. मासे सुटले. दूध तिला कधीच आवडलं नव्हतं, चहाही कोरा. पहिली काही वर्षं काही जाणवलं नाही, कारण बी-१२ यकृतात साठलेलं असतं आणि ते पुरवून पुरवून वापरलं जातं. मग पायांत मुंग्या येऊ लागल्या. जीभ लालबुंद झाली, तिखट सोसेना. चुलीवर भात ठेवून ती विसरायला लागली. मी या खात्यातली, दुसऱ्यांच्या घरी जाऊन पापण्या खाली ओढून बघणारी, आणि घरात म्हणत राहिले की वय झालं. तपासलं तेव्हा बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनांनी जीभ बरी झाली, आठवणही बरीच आली. तळपायाचा बधिरपणा मात्र राहिला तो राहिलाच. नसांचं नुकसान फार दिवस चाललं की पुरतं भरून येत नाही.

माळ मोडायची गरज नव्हती. बी-१२ मुळात जीवाणूच बनवतात, औषधातलंही त्यांच्याकडूनच बनवून घेतलेलं असतं. हे आईला सांगितलं तेव्हा तिने गोळी तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिली. "ह्यात माशाचां काय नाय ना?" नाही म्हटल्यावर माळेला हात लावला आणि घेतली.

आता त्या मुलीचं. ८.६ वर आलेलं रक्त नुसत्या तिसऱ्या खाऊन लवकर वर येणार नाही. डॉक्टरांना दाखवा, पाळी जास्त जाते का ते सांगा, जंताचं विचारा. लोहाच्या गोळ्या देतील त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. रक्त वर आलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवायच्या, कारण साठाही भरायचा असतो. शौचाला काळं होईल. ते गोळीतलं लोह असतं, त्याला घाबरून पाकीट फळीवर टाकू नका.