चरकाची यादी आणि मालवणचं ताट

नवं धान्य, दही, मासे, फार खारट, फार आंबट, उडीद, मुळा, पिठाचे पदार्थ, तीळ, दूध, गूळ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ७व्या अध्यायात त्वचारोगांची जी कारणं दिली आहेत, त्यातली ही काही. सावंतवाडीच्या वैद्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा मला हसूच आलं. मालवणात खानावळ चालवणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे दुकान बंद कर म्हणण्यासारखंच. सुरमईची थाळी, सुक्या बांगड्याची चटणी, कोकमाच्या आगळाची सोलकढी, आंबोळ्या, वडे, खापरोळ्या... माझ्या फळ्यावरचं काहीच त्या यादीतून सुटत नाही.

माझा एक्झिमा हातांवर आहे. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या येतात, रात्री खाज सुटते, मग पाणी सुटतं आणि शेवटी कातडी तडकते. वैद्य याला विचर्चिका म्हणतात. चरकाने १८ कुष्ठं, म्हणजे त्वचेचे रोग, सांगितली आहेत, त्यातल्या ११ क्षुद्रकुष्ठांत, म्हणजे किरकोळ रोगांत, ही एक. खाज, काळपट पुटकुळ्या आणि भरपूर स्राव ही तिची लक्षणं. त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघून एक्झिमा म्हटलं. माझं दोघांशीही पटतं. भडका उडाला की डॉक्टरांचं मलम, तेही त्यांनी सांगितलं तेवढेच दिवस, आणि बाकी वर्षभर ताटावर नजर. मलम सोडून नुसत्या पथ्यावर राहा, असं वैद्यांनीही कधी सांगितलं नाही.

पथ्य म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा: "मासे सोडून खातलंस काय गो?" प्रश्न रास्त होता. यादी अख्खी पाळली तर किनाऱ्यावर माणूस उपाशीच राहील. वैद्यांनी मार्ग काढून दिला: एका वेळी एकच गोष्ट बंद करायची, हात बघायचे, मग पुढची.

माशांवर दूध नको, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. चरकसंहितेच्याच सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात त्याचं कारण आहे: दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासे उष्ण. त्याच अध्यायात आंबट फळांसोबत फणस आणि नारळही दुधाबरोबर वर्ज्य सांगितले आहेत. आमच्या घरी फणसाच्या सांदणाबरोबर नारळाचा रस घेतात, गाईचं दूध नाही, हे वाचून मला गंमत वाटली. पर्यटक विचारतात, मग माशांबरोबर नारळाच्या दुधाची सोलकढी कशी चालते? वैद्यांच्या मते तो निषेध जनावराच्या दुधाचा आहे. सोलकढीत माझा अडसर वेगळाच निघाला. आगळ मिठात मुरवलेलं असतं, आंबट आणि खारट दोन्ही एकदम. आता मी स्वतःसाठी बिनमिठाची आमसुलं भिजवते आणि वाटीभरच घेते.

ताज्या माशांबद्दलचा संशय मात्र दरवर्षी पावसाळ्यात डळमळतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मासे हेच कारण असतं तर या दोन महिन्यांत हात सुधारायला हवे होते. माझे उलट बिघडायचे. कारण ताजी मासळी नसली तरी आम्ही सुकं खातोच: बोंबील, सुकट, खारा बांगडा. श्रावणात तेही बंद झालं की हात शांत व्हायचे. म्हणून आधी मीठ लावून वाळवलेलं सगळं सोडलं आणि ताजा मासा आठवड्यातून एक-दोनदा, कमी चिंचेत, ठेवला. हे सांगताना एक कबूल करायला हवं: श्रावणात गिऱ्हाईकही कमी असतं, भांडी कमी, कोळंबी सोलणं तर नाहीच. त्यामुळे श्रेय कुणाला किती, हे मला काही सांगता येणार नाही.

कारण हात सतत ओले राहणं हेच मोठं दुखणं, असं डॉक्टर म्हणतात. पाणी, साबण, लसूण, कच्च्या कोळंबीचा रस. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घालायला लागल्यापासून जो फरक पडला, तो कुठल्याही पथ्याने पडला नसता. मेमध्ये आंब्याचा चीक, काजू भाजताना टरफलाचं तेल, हेही तसलंच. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. हापूस खाल्ल्याने हात उठले की उतरवताना देठाचा चीक लागल्याने, हे ठरवल्याशिवाय आंबा सोडू नये, असं माझं ठाम मत आहे!

बाकी ताटातले बदल छोटे आहेत. आंबोळीत उडीद असतो म्हणून घावणे करते (पिष्टान्नाचा दोष त्यांनाही लागतो, पण काहीतरी खायला हवंच ना). रात्रीचं दही गेलं. भात जुन्या उकड्या तांदळाचा, सकाळी त्याचीच पेज. दिवाळीनंतरचा नवा तांदूळ सणापुरता. मुगाची आमटी, पडवळ, कारलं. शेजारच्या एका लहान मुलाचं दूध, अंडी, मासे सगळं एकदम तोडलं होतं, ते मात्र मला पटलं नाही. वाढत्या पोराचं पथ्य डॉक्टरला विचारूनच करावं.

पावसाळा या बाबतीत उदार असतो. कुड्याच्या शेंगांची भाजी कडू लागते म्हणून पोरं तोंड फिरवतात. चरकाच्या खाज कमी करणाऱ्या दहा औषधांत कुटज, म्हणजे हाच कुडा, आहे, हे त्यांना सांगून उपयोग नाही. माझी आवडती टाकळ्याची. वैद्य याच्या बिया त्वचेच्या औषधांत घालतात, आम्ही पाला खातो. फुलं यायच्या आत कोवळा पाला खुडायचा, बारीक चिरायचा. तेलावर कांदा आणि हिरवी मिरची परतून, मेमध्ये साठवलेल्या फणसाच्या आठळ्या उकडून, ठेचून घालायच्या, मग पाला. झाकण ठेवून वाफ आणायची, शेवटी ओलं खोबरं. मीठ बेतानेच, कारण पाला शिजून मूठभर होतो. सासूबाई यात गुळाचा खडा टाकतात. माझा वाटा मी त्याआधीच काढून ठेवते.