किलार्नीजवळची लोहारसाळ

आयर्लंडमधल्या किलार्नीला जाणारे बहुतेक जण तळी बघतात, मक्रॉस हाऊस बघतात आणि पुढची वाट धरतात. त्या वाड्याला लागूनच मक्रॉस ट्रॅडिशनल फार्म्स आहेत. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवाच. वीज येण्याआधीचं, १९३०-४० च्या सुमाराचं इथल्या केरी परगण्यातलं खेडं तिथे उभं केलंय: तीन शेतकऱ्यांची घरं, शाळा, सुतारशाळा आणि लोहारसाळ. माझा निम्मा वेळ लोहारसाळेतच गेला.

आत अंधारच हवा, तापल्या लोखंडाचा रंग उजेडात नीट कळत नाही. भाता हलला, निखारे फुलले, सांडशीतली पट्टी आधी लाल, मग नारिंगी झाली. पाच-सहा घाव पट्टीवर, मध्येच एक हलका ठोका नुसत्या ऐरणीवर, आणि शेवटी पाण्यात चर्र. शेजारच्या आजोबांनी त्याच पाण्यात बोट बुडवलं. "लहानपणी चामखिळीवर हेच लावायचो." ही समजूत आयर्लंडभर होती. लोहाराने ऐरण फिरवून दिलेला शाप लागतोच, असंही लोक मानत.

जाण्याआधी एक काम नक्की करा. १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गावची माहिती वह्यांत उतरवली. त्यात 'गावची लोहारसाळ' हा विषयच होता. 'दूखस' या संकेतस्थळावर त्या वह्या फुकट वाचता येतात, परगण्यानुसार शोधताही येतात. छप्पर कशाचं, भाता कसा, ओढा किती जवळ, सगळं त्या कोवळ्या अक्षरांत आहे. मी गाडीत बसून केरीची पानं वाचली होती, म्हणून तिथे काय बघायचं ते कळलं.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून रेल्वे आहे, बहुतेक वेळा मॅलोला गाडी बदलावी लागते. किलार्नीहून मक्रॉस सुमारे सहा किलोमीटर. सायकल उत्तम, नाहीतर टांगा. त्या घोड्यांना आजही नाल लागते! हिवाळ्यात फार्म्स बंद असतात. लोहार त्या दिवशी आहे का, हे तिकीट घेतानाच विचारा.

पुढे खेड्यांतून फिरताना एखाद्या जुन्या इमारतीबाहेर मधोमध भोक असलेला गोल सपाट दगड दिसला तर थांबा. भोकात चाकाचा तुंबा बसवायचा आणि पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाच्या) जाळात तापवलेली लोखंडी धाव वरून चढवायची. पाणी ओतलं की धाव आकसते आणि आरे करकरत घट्ट बसतात.