स्टार खेळाडूच्या बदल्यात किती निवडहक्क? तक्त्यातील नवा रकाना

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधील मोठ्या अदलाबदलींचे मोल लावण्यासाठी जो तक्ता मी वाढवत आलो आहे, त्यात या खेपेस एक रकाना नव्याने घातला आहे. आजवर पहिल्या फेरीच्या प्रत्येक निवडहक्काला, म्हणजे दर वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याच्या पाळीला, तो साधारण कितव्या क्रमांकावर पडेल आणि त्या क्रमांकावर निवडलेले खेळाडू पुढे कसे ठरले, एवढ्यावरून गुण दिले जात होते. आता त्यापुढे आणखी एक प्रश्न आहे: तो हक्क ज्या वर्षी वापरला जाईल, त्या वर्षी देणाऱ्या संघाचे मुख्य खेळाडू किती वयाचे असतील? हक्क घेणारा संघ शेवटी समोरच्या संघाच्या पडत्या काळावर पैज लावत असतो, त्यामुळे मला हा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याची पहिली परीक्षा 2013 सालच्या व्यवहारावर घेतली. ब्रुकलिन नेट्सने बोस्टनकडून केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी यांना घेतले आणि 2014, 2016 व 2018 चे पहिल्या फेरीचे निवडहक्क कोणत्याही प्रोटेक्शनविना, म्हणजे क्रमांक वरचा आला तर हक्क स्वतःकडे राखण्याची अट न घालता, दिले. शिवाय 2017 साली दोघांचे क्रमांक आपसांत बदलून घेण्याची, म्हणजे स्वॅपची, मुभाही बोस्टनला दिली. त्या वेळी गार्नेट 37 वर्षांचा आणि पिअर्स 35 वर्षांचा होता. 2014 चा हक्क सतराव्या क्रमांकावर गेला आणि त्यातून फारसे काही निघाले नाही, कारण तोवर ब्रुकलिन प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, खेळत होते. 2016 चा मात्र तिसरा आला आणि त्यातून जेलन ब्राउन मिळाला. नव्या रकान्यात ही चढण स्पष्ट दिसते: हक्क जितका दूरचा, तितका त्याचा भाव वर जातो, आणि ‘आजचा संघ बलाढ्य आहे’ या समजुतीवर बेतलेले मोल तितकेच निकामी ठरते.

स्वॅपला मी आता वेगळे गुण देतो. लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या हक्काविना राहता येत नाही, असा स्टेपियन नियम आहे. म्हणून संघ एकाआड एक वर्षांचे हक्क देतात आणि मधल्या वर्षांत स्वॅप भरतात. प्रस्ताव वाचताना तो किरकोळ भासतो, परंतु त्याची किंमत दोन संघांच्या क्रमांकांतील अंतराएवढी असते. 2017 मध्ये बोस्टन पूर्व विभागात अव्वल होते आणि ब्रुकलिन 20 विजय व 62 पराभवांसह लीगच्या तळाशी. त्यामुळे सत्ताविसाव्या क्रमांकाच्या बदल्यात बोस्टनला पहिला क्रमांक मिळाला. तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि आणखी एक भावी हक्क घेतला, आणि त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला निवडले. घेणारा संघ स्वतःच दुबळा असता, तर हाच स्वॅप जवळजवळ शून्य मोलाचा ठरला असता.

फीनिक्सचे उदाहरण मला याहून अधिक बोलके वाटते. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनी 34 वर्षांच्या केव्हिन ड्युरंटसाठी ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस व कॅम जॉन्सन यांच्याबरोबर 2023, 2025, 2027 आणि 2029 चे हक्क व 2028 चा स्वॅप दिला. 2024-25 च्या हंगामात संघ 36 विजयांवर थांबला आणि प्लेऑफला मुकला. त्या वर्षीचा फीनिक्सचा हक्क तोवर ब्रुकलिनमार्गे ह्यूस्टनकडे पोहोचला होता आणि तो दहावा ठरला. पुढे ड्युरंट ह्यूस्टनला गेला, तेव्हा हाच दहावा क्रमांक जेलन ग्रीन व डिलन ब्रुक्स यांच्यासह फीनिक्सकडे परत आला. एकाच खेळाडूसाठी दिलेली आणि त्याच्याच बदल्यात मिळालेली वस्तू म्हणून ही नोंद मी तक्त्यात ठळक केली आहे.

क्लिपर्सने 2019 साली निवडहक्क देऊन ओक्लाहोमा सिटीकडून पॉल जॉर्जला घेतले, त्या व्यवहारात हा रकाना कमी उपयोगी पडतो, हेही नोंदवायला हवे. जॉर्ज 29 वर्षांचा, त्याच वेळी क्लिपर्समध्ये आलेला कवाय लेनर्ड 28 वर्षांचा. वयाने धोक्याची सूचना दिलीच नसती. लेनर्ड 2021-22 चा संपूर्ण हंगाम दुखापतीमुळे बाहेर राहिला, क्लिपर्स प्लेऑफला मुकले आणि त्यांच्या बाराव्या क्रमांकावर ओक्लाहोमा सिटीने जेलन विल्यम्सला घेतले. त्याच व्यवहारात ओक्लाहोमा सिटीकडे आलेला शे गिल्जस-अलेक्झांडर तेव्हा 20 वर्षांचा होता. असा सिद्ध होत आलेला तरुण खेळाडू निवडहक्कांच्या बेरजेत न मिसळता स्वतंत्रच मोजावा, असे माझे ठाम मत आहे.

लॉटरीची, म्हणजे प्लेऑफला मुकलेल्या संघांतून वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीची, दुरुस्तीही केली आहे. पूर्वी सर्वांत तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची 25 टक्के संधी असे. 2019 मध्ये ती तळाच्या तीन संघांसाठी प्रत्येकी 14 टक्क्यांवर आणली गेली. त्यामुळे 2017 सारखी कमाई आज गृहीत धरता येत नाही. आता दुसऱ्या ॲप्रनचा, म्हणजे संघांच्या पगारखर्चावरील सर्वांत वरच्या मर्यादेचा, परिणाम बसवायचा आहे: त्या मर्यादेवर गेलेल्या संघाचा सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा निवडहक्क गोठतो, म्हणजे तो देऊ करता येत नाही, आणि संघ पुढील चारपैकी दोन वर्षे वरच राहिला, तर तो फेरीच्या शेवटी ढकलला जातो. कोणत्याही नव्या प्रस्तावाला गुण देण्याआधी देणाऱ्या संघाचा पगारखर्च त्या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे, हे आता मी पहिल्याच ओळीत लिहिणार आहे.