माशांच्या पाण्यावरची पालेभाजी : आमची वाटचाल

पुरंदर तालुक्यात शेती करणाऱ्याला पाण्याचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. उन्हाळ्याची चाहूल लागली की विहिरी खोल जातात आणि अंजीर-सीताफळाच्या बागा जगवण्यासाठी अनेकदा टँकर बोलवावा लागतो. सासवडजवळच्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीत बारमाही पालेभाजी पिकवून ती पुण्यात विकायची, तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी पद्धत हवी होती. अ‍ॅक्वापोनिक्सकडे आम्ही वळलो ते या गरजेतून.

या पद्धतीत टाकीतील माशांना खाद्य घालायचे, त्यांच्यापासून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचे जिवाणूंकडून नायट्रेट होऊ द्यायचे, ते पाणी तरंगत्या फळ्यांवर लावलेल्या भाजीच्या मुळांखालून फिरवायचे आणि नंतर पुन्हा माशांकडे न्यायचे. माशाला दिलेल्या खाद्यातील नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) फार तर तिसरा हिस्सा त्याच्या अंगी लागतो. उरलेल्या नत्रावर आमची भाजी वाढते. व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकापासून जे काम केले, त्यातून पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य हे प्रमाण जगभर रूढ झाले, आणि आमच्या टाक्यांची व वाफ्यांची आखणीही त्याच आधारावर झाली. यंत्रणा नीट चालली की रोज एकूण पाण्याच्या १ ते २ टक्के एवढीच भर घालावी लागते.

लोक आमच्याकडे मासे आणि लेट्यूस पाहायला येतात, पण आम्ही खऱ्या अर्थाने सांभाळतो ते जिवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, आणि हे दोन्ही गट गाळणटाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात टाकीत मोजकीच बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडून खाद्य बेताने द्यावे लागते. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. ठिबकच्या तोट्या क्षारांनी बुजतात म्हणून भागातला प्रत्येक शेतकरी या पाण्याला नावे ठेवतो, आणि सुरुवातीला त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) ८ च्या आसपास असल्यामुळे आम्हालाही ते जपून वापरावे लागते. कारण सामू एका अंकाने वाढला की अमोनियाचा माशांना मारक असलेला अंश जवळपास दहापट होतो. परंतु अमोनियातील १ ग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता (सामू धरून ठेवण्याची पाण्याची ताकद) खर्च होते, त्यामुळे जिवाणू स्थिरावले की सामू आपोआप उतरू लागतो आणि पाण्यातला हाच क्षार त्याला एकदम कोसळू देत नाही. मासे, जिवाणू आणि झाडे या तिघांनाही चालेल असा सामू ७ च्या जरासा खाली असतो. तो रोज सकाळी तपासणे हे आमच्याकडचे पहिले काम आहे. माशांच्या खाद्यातून लोह आणि पालाश पुरेसे मिळत नाही. कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी पडू लागली की आम्ही चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहून झाडांना घेता येणारे लोह, देतो, आणि सामू फार उतरल्यास तो पोटॅशियम कार्बोनेटने सावरतो, म्हणजे पालाशाचीही सोय होते.

हिवाळ्यात मात्र एक पेच असतो. लेट्यूस, पालक आणि बेबी मुळा यांना थंडी मानवते, तर आमच्या टाक्यांतला चिलापी (तिलापिया) मासा थंड पाण्यात खाणे कमी करतो, म्हणजे मागणी भरात असतानाच भाजीचे अन्न आटते. त्यावर उपाय म्हणून आम्ही माशांच्या टाक्या प्लास्टिकने झाकतो आणि काही टाक्यांत थंडीतही खाणारा सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा ठेवतो.

मासे याच पाण्यात असल्यामुळे भाजीवर कीटकनाशक फवारता येत नाही, आणि भाजी लोकांच्या ताटात जाणार असल्यामुळे माशांना प्रतिजैविके देता येत नाहीत. हा परस्परांचा पहारा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मावा आला तर ढालकिडे आणि पिवळे चिकट सापळे यांवरच भिस्त असते. निंबोळी तेलदेखील पाण्यात उतरले तर माशांना बाधते. पुण्यातील काही शाकाहारी कुटुंबांना माशांच्या पाण्यावरची भाजी नको असते. त्यांचा हा आक्षेप आम्ही मनापासून मान्य करतो आणि भाजी कशी वाढली हे प्रत्येक पाकिटावर स्पष्ट छापतो, कारण ग्राहकाला ते समजण्याचा हक्क आहे.

शाश्वत शेती म्हणून या पद्धतीचे कौतुक होते, ते पाण्यापुरते पूर्णपणे खरे आहे. विजेचा आणि खाद्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पाण्यातील प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये म्हणून ब्लोअर अहोरात्र चालतो, आणि भारनियमनाच्या भागात इन्व्हर्टर व जनित्र असल्याशिवाय दाट मासे ठेवण्याचे धाडस कोणी करू नये. दिवसाचा भार आता सौर पॅनेल उचलतात, रात्रीचा नाही. कारखान्यातून येणाऱ्या खाद्यात बऱ्याचदा समुद्रातील माशांची भुकटी असते, म्हणून त्याचा काही भाग शेतावरच वाढवलेल्या अझोल्याने (पाण्यावर तरंगणाऱ्या लहान नेच्याने) भागवण्याची चाचणी आम्ही घेत आहोत, तर टाकीच्या तळाचा गाळ अंजिराच्या बागेला जातो. वाफे वाढवा अशी विनंती ग्राहकांकडून सतत येते. मात्र रात्रीच्या विजेची आणि खाद्याची व्यवस्था समाधानकारक झाल्याशिवाय पुढची टाकी बांधायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.