शेगडी आणि ओट्यामधली ती फट

भाड्याचं घर सोडायचं तर इकडे परदेशात घरमालक साफसफाईची यादी पाठवतो. बाथरूम, खिडक्या वगैरे ठीक आहे, पण एक ओळ वाचून मी उडालेच. रेंज, म्हणजे इकडची ओव्हनवाली शेगडी, पुढे ओढून मागची आणि बाजूची जागा पुसून द्यावी! म्हणजे तीच फट, जिच्याशी माझं इकडे आल्यापासून वैर आहे.

आपल्यासारखी शेगडी ओट्यावर ठेवलेली नसते इकडे. वर बर्नर आणि खाली ओव्हन असं एकच धूड जमिनीवर उभं, आणि ओटा त्याच्या दोन्ही अंगांना येऊन संपतो. मधे फट राहते, बोटही धड जात नाही तिच्यात पण सांडलेलं सगळं बरोब्बर तिथेच जातं, तेल काय, दाणे काय, उतू गेलेलं काय, आणि एकदा गेलं की गेलं, ना दिसत ना निघत, फक्त मुंग्या-झुरळांना पत्ता कळतो.

सुताराचं माप चुकलंय असं कुणालाही वाटेल, पण ही मुद्दाम ठेवलेली जागा आहे. उत्तर अमेरिकेत रेंज 30 इंची म्हणून विकतात, कपाटांमधली जागाही 30 इंच सोडतात, पण रेंज स्वतः त्याहून किंचित कमी भरते, नाहीतर आत सरकणार कशी आणि दुरुस्तीला बाहेर येणार कशी. युरोपात हेच गणित 60 सेंटीमीटरचं. त्यात भिंती कधी काटकोनात नसतात, त्यामुळे पुढे बारीक दिसणारी फट मागे चांगली रुंद होत जाते. स्लाइड-इन नावाचा प्रकार मिळतो, त्याच्या वरच्या पत्र्याच्या कडा ओट्यावर चढतात आणि फट झाकली जाते. म्हणजे उपाय माहितीये यांना! पण भाड्याच्या घरात तो कोण बसवणार.

मग सिलिकॉनच्या पट्ट्या. मधली दांडी फटीत जाते, दोन पंख दोन्हीकडे पसरतात, लांबी कात्रीने कापायची. रेंज ओट्याच्या पातळीत नसेल तर एक पंख उचललेला राहतो, त्यासाठी आधी रेंजचे पाय फिरवून उंची जुळवायची. मागे ओव्हनची वाफ निघायची जागा असते ती झाकायची नाही, आणि ओव्हनचं सेल्फ-क्लीन लावायचं तर पट्ट्या आधी काढून ठेवायच्या, आत 480 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं ते. काहीजण फट सरळ सीलंटने बुजवून टाकतात, मग रेंज काढायची वेळ आली की बसा सुरी घेऊन खरवडत.

ओढायचं प्रकरण मात्र जपून. विजेची असेल तर ब्रेकर बंद करायचा, गॅसची असेल तर मागची नळी पिरगळत नाही ना बघायचं. मागच्या एका पायाला जमिनीत किंवा भिंतीत ठोकलेला ब्रॅकेट असतो, उघड्या ओव्हनच्या दारावर वजन आलं की अख्खी रेंज पुढे कलंडू नये म्हणून. परत ढकलताना पाय त्यात अडकला पाहिजे, ही गोष्ट घाईत सगळ्यात आधी राहते.

आपल्याकडे शेगडी उचलली, फडकं फिरवलं, झालं. हे मी इकडच्या मैत्रिणींना इतक्यांदा ऐकवलंय की त्या आता विषयच काढत नाहीत. अर्थात शेगडीच्या मागच्या नळीवर जो चिकटा बसतो तो आपण रोज पुसतो असं काही नाही, पण निदान हात तरी पोचतो ना! आणि इकडे ओव्हन घराबरोबरच येतो हे मान्य करायला पाहिजे, मी तो भांडी ठेवायला वापरते ही गोष्ट वेगळी.

नवऱ्याचं म्हणणं, पट्ट्याही सारख्या काढून धुवाव्या लागतात, मग काम वाढलंच की. वाढलंय. पण ते सिंकपाशी उभं राहून करता येतं, जमिनीवर पालथं पडून टॉर्च दाखवत नाही, आणि टॉर्च धरायला तसाही तो कधी येत नाही.